डब्याचं मधलं दार

आई गेल्यापासून मला काही वाटायचंच बंद झालं होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं, हा माणूस आहे की दगड. भूक लागली की जेवत होतो, कामावर जात होतो, माणसांवर ओरडत होतो. ओरडणं तेवढं पूर्वीसारखं चालू होतं. बायको म्हणायची, "निदान ओरडताय तरी, म्हणजे आहात."

अण्णा, म्हणजे माझे वडील, ते तर ओरडतही नव्हते. घणसोलीच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि समोरच्या बिल्डिंगकडे बघत राहायचे. दिवसभरात चार वाक्यं. पाणी आलं का. पेपर कुठाय. आमटीत मीठ कमी आहे. झोपतो आता. मी पण त्यांच्याशी तेवढंच बोलायचो. दहा महिने एका घरात दोन पुरुष असे राहिलो, मध्ये बायको होती म्हणून घराला घर म्हणायचं.

अण्णा रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. देशावर आमच्या गावाकडे छोट्या गाडीची लाइन होती, नॅरोगेज. ती केव्हाच बंद पडली. त्या गाडीचे डबे दुरुस्त करायचे, वरून हुकूम आला की त्यात फेरफार करायचे, यात अण्णांची नोकरी गेली. मी त्यांच्या हाताखालीच रंधा मारायला शिकलो, पण पुढे मुंबईला आलो आणि बसच्या बॉड्या बांधण्यात अडकलो. रबाळ्याच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे, तिथं मी फोरमन. हल्ली बसमध्ये लाकूड असतं कुठं? पत्रा, फायबर आणि रेक्झिन. अण्णांनी एकदाच माझं वर्कशॉप पाहिलं होतं आणि बाहेर पडताना म्हणाले होते, "डबे करता होय पत्र्याचे, बिस्किटांना करतात तसे." त्यानंतर मी त्यांना कधी नेलं नाही.

तर अशा आमच्या वर्कशॉपात एके दिवशी सकाळी ट्रेलरवरून रेल्वेचे दोन डबे आले. लाकडी. नॅरोगेजचे. शेठना कुठून काय सुचलं होतं देव जाणे. कुठलीशी ट्रस्ट म्युझियम काढणार होती, तिनं भंगारातून हे डबे उचलले होते आणि ते मूळ होते तसे करून द्यायचं काम शेठनी अंगावर घेतलं होतं. मला न विचारता. मी म्हटलं, "शेठ, आपण शाळेच्या बसा करतो. हे शंभरीच्या पुढचं म्हातारं आहे. हात लावला तर भुगा होईल." शेठ म्हणाले, "तुझे वडील हेच करत होते ना? मग तुझ्या रक्तातच आहे." रक्तात म्हणे! च्यायला, रक्तात असतं तर शिकताना अण्णांच्या एवढ्या टपल्या खाल्ल्या नसत्या.

मी ट्रेलरवर चढलो आणि डब्याच्या अंगावरचे पोपडे नखानं काढून बघितले. खाली आमच्या लाइनची अक्षरं होती. ज्या गाडीतून मी मामाच्या गावाला जायचो, त्या गाडीचे हे डबे. एखाद्याला भरून आलं असतं. मला काही झालं नाही. मी खाली उतरलो आणि क्रेनवाल्याला शिव्या घातल्या, कारण तो साखळी चुकीच्या ठिकाणी लावत होता.

ट्रस्टनं एक मॅडम पाठवल्या होत्या. जुन्या वास्तू आणि जुन्या वस्तू पूर्ववत करायचं शिक्षण घेतलेल्या, पस्तिशीतल्या, जीन्स आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. मला पहिल्याच दिवशी "काका" म्हणाल्या. मी म्हटलं, झालं, आता ही मला शिकवणार. पण खोटं कशाला बोला, बाईला काम येत होतं. त्यांनी प्रत्येक वस्तूला चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. हिरवी चिठ्ठी म्हणजे मूळची वस्तू, ती ठेवायची. लाल चिठ्ठी म्हणजे नंतर घातलेली, ती काढायची. मधलं काही नाही.

रंगाचं काम आमच्या तळवलीच्या पेंटरकडे होतं. तिथलाच मूळ गावकरी, वडिलांची भाताची खाचरं होती, आता त्याच्या चाळीत वीस भाडेकरू आहेत, तरी हा रोज ब्रश घेऊन येतो. मॅडमनी त्याला एक पद्धत शिकवली. पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं एकाच जागी हळूहळू घासत जायचं, म्हणजे रंगाचा एकेक थर गोल कड्यासारखा उघडा पडतो. सगळ्यात आतलं कडं मूळचा रंग. पेंटर घासता घासता ओरडला, "दादा, यो बग! निला, त्याचे खाली पिवला, त्याचे खाली हिरवा, आनी अजून हाय खाली. यवरे रंग तर आमचे गावान लग्नाला नाय लागत." सगळ्यात खाली लालसर तपकिरी होता. मॅडम त्या टिकलीएवढ्या रंगासमोर अर्धा तास भिंग लावून बसल्या.

दोन डब्यांतला एक साधा, बाकांचा. दुसरा साहेबलोकांचा सलून, म्हणजे साहेब लाइन तपासायला निघाला की त्याच्यासाठी जोडायचा डबा. त्यात बसायची खोली, झोपायची खोली आणि मागे नोकरांची जागा. खरं काम या सलूनचं होतं. आणि खरी गोची पण त्याचीच.

सलूनमध्ये चिठ्ठ्या लागत गेल्या तसं माझ्या लक्षात आलं की लाल चिठ्ठी ज्याला ज्याला लागतेय, ते सगळं अण्णांचं आहे. सनमायका लावलेलं कपाट, लाल. प्लायवूडचं पार्टिशन, लाल. वरच्या झरोक्यांवर मारलेल्या फळ्या, लाल. घडीचं टेबल, लाल. हे अण्णांनीच केलेलं, हे मला कसं कळलं? स्क्रूंवरून. अण्णांची एक खोड आहे. ते स्क्रू पिळून घट्ट केला की त्याची खाच उभीच ठेवतात. आडवी राहिली तर तिच्यात धूळ बसते, ओल बसते आणि पुढच्या माणसाला तो स्क्रू निघता निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे सुतार त्यांना हसायचे. आमच्या घरच्या स्विचबोर्डांचे स्क्रू पण सगळे उभे आहेत, इलेक्ट्रिशियन गेल्यावर यांनी परत फिरवलेले. सलूनमध्ये लाल चिठ्ठ्यांखाली स्क्रूंच्या खाचा उभ्या होत्या. रांगेनं.

मी ते सगळं काढलं. माझ्या हातानं. दुसऱ्या कुणाला दिलं नाही, एवढंच. शेडच्या मागे ढीग झाला. मॅडम म्हणाल्या, "काका, किती विचित्र फेरफार केलेत ना मधल्या काळात? कोण होते हे लोक?" मी म्हटलं, "होते कुणीतरी." मला राग यायला हवा होता. आला नाही. पेचकस पुसला आणि पुढचा स्क्रू घेतला.

मग आलं ते दार. बसायच्या खोलीतून झोपायच्या खोलीत जायचं मधलं दार. एकाच झडपेचं, अख्ख्या सागवानाचं, वर काचेसाठी चौकट, खाली दोन खोलगट लाकडी पॅनेल. इतकं साफ काम की हात फिरवला तर जोड लागत नाही. मॅडमनी भिंग लावलं, लाकडाच्या रेषा बघितल्या, कोपऱ्यात सुई टोचून बघितली आणि म्हणाल्या, "हे मूळचं. लाकूड त्याच वयाचं आहे. काय सुंदर आहे!" हिरवी चिठ्ठी लागली.

बिजागऱ्यांचे स्क्रू उभे होते.

मी दार उतरवलं आणि खालची कड बघितली. जुन्या डब्यांची एक रीत होती. प्रत्येक डबा हातानं बांधलेला, त्यामुळे एकाचं दार दुसऱ्याला बसायचं नाही. म्हणून प्रत्येक दाराच्या, खिडकीच्या खालच्या कडेला त्या डब्याचा नंबर ठोकलेला असायचा. या दाराच्या खालच्या कडेला नंबर होता, पण या सलूनचा नव्हता. दुसऱ्याच कुठल्या डब्याचा होता आणि उलटा होता. लगेच कळलं. अण्णांनी भंगारात निघालेल्या डब्याचं सागवान घेऊन त्याचं हे दार केलं होतं. लाकूड मूळच्या वयाचंच, म्हणून मॅडम फसल्या. त्यांची काही चूक नव्हती. भल्याभल्याला कळलं नसतं.

मी लांबीचा, म्हणजे भोकं बुजवायच्या पुट्टीचा, डबा उघडला, पत्र्याच्या पट्टीवर थोडी लांबी घेतली आणि तो नंबर बुजवून टाकला. वाळल्यावर घासला, वर पॉलिशचा हात मारला. दहा मिनिटांचं काम.

का केलं, तर स्पष्ट सांगतो. त्या माणसानं आयुष्यभर जे केलं ते मी आठवड्याभरात उपसून मागच्या ढिगात टाकलं होतं. जगात त्यांच्या हातचं म्हणून एक दार राहत होतं. लोक तिकीट काढून बघायला येणार, त्यातलं एक दार माझ्या बापाचं असणार, आणि ते कुणाला कळणार नाही. मला ते दार तिथं राहायला हवं होतं. बाकी कशाचं काही वाटत नव्हतं, पण हे हवं होतं.

त्यानंतर छपरापाशी काम अडलं. सलूनला छपरावर छप्पर होतं, दोन्हींच्या मध्ये वारा खेळायची जागा. वरचं छप्पर कुजलेलं, ते मूळचं कसं बसवलं होतं त्याचं ड्रॉइंग कुठंच मिळेना. मॅडम तीन दिवस फोनवर. मी घरी येऊन चिडचिड केली, तेव्हा बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "घरात बसलेत ते अण्णा कोण आहेत? शेजारच्यांचे?"

मी बाल्कनीत गेलो. म्हटलं, "अण्णा, सलूनचं वरचं छप्पर कशावर टेकायचं हो?"

ते माझ्याकडे वळले. "कुठल्या सलूनचं?"

"असंच. एक काम आलंय."

"आपल्या लाइनचा?"

मी हो म्हटलं. ते उठले. आत आले, लाइटचं बिल पालथं घातलं आणि पेन्सिल मागितली. पुढचा तासभर ते बोलत होते. कमानी कशा, त्यांच्यामध्ये कातड्याच्या चकत्या कशा, त्या का, तर डबा हलला की कुरकुर होऊ नये म्हणून. बायको दारात उभी राहून ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बिलावरच्या रेघा बघत होतो. शेवटी ते म्हणाले, "मला बघायचाय तो डबा."

"काम चालू आहे, फार धूळ आहे," मी म्हटलं. "झाला की नेतो."

मला त्यांना तो ढीग दाखवायचा नव्हता. दोन महिने मी टोलवाटोलवी केली. ढीग भंगारवाल्यानं नेला तेव्हा हायसं वाटलं. पण तोपर्यंत छप्पर अगदी अण्णांनी सांगितलं तसं बसलं होतं आणि बिलावरचं ड्रॉइंग कुणाचं हे कळल्यावर मॅडमनी धोशा लावला होता. आजोबांना आणा, आजोबांना आणा. बोलता बोलता पेंटर पण म्हणाला, "म्हाताऱ्याला दाव ना दादा. कवा दावशील मंग?"

शेवटी नेलं. सकाळी साडेनऊला रिक्षानं. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. खिशात पेन्सिल होती. शेडमध्ये शिरल्यावर ते डब्यासमोर नुसते उभे राहिले. लालसर तपकिरी रंग, पितळेच्या मुठी, खिडक्यांच्या तिरक्या पट्ट्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आता विचारतील, माझं कपाट कुठाय. माझं टेबल कुठाय.

ते म्हणाले, "मी लागलो तेव्हा असा होता."

मॅडमनी हात देऊन त्यांना आत चढवलं. ते हळूहळू हात लावत चालले. भिंतीची फळी, झरोका, वेताची बैठक. कपाटाच्या जागी मोकळी भिंत होती, तिथं थांबले आणि मान हलवली. "बरं झालं काढलंत. घाणेरडं होतं. त्या साहेबाला फाइली ठेवायला हवं होतं." मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला आठवतंय कुणी केलेलं?" अण्णा म्हणाले, "आठवायचं काय? मीच केलेलं." मॅडम एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. मी खिडकीची पट्टी वरखाली करत बसलो. ती नीटच होती.

मग ते मधल्या दाराशी आले. मी मनात म्हणत होतो, हात फिरवा, छान म्हणा आणि चला पुढे. त्यांनी दार उघडलं, मिटलं. खाली वाकायला गेले, जमेना, तर सरळ बूड टेकून बसले आणि दाराच्या खालच्या कडेला बोटं घातली. बोटं नंबराच्या जागी थांबली. नखानं खरवडलं. लांबीचा भुगा पडला.

"हे कुणी भरलं?"

मी खाली पडलेला भुगा बुटानं बाजूला सारला.

"मॅडम," अण्णा म्हणाले, "हे दार मूळचं नाही. मी केलंय. हे काढा."

मॅडमना वाटलं, म्हातारे गोंधळले. "आजोबा, लाकूड बघा ना, जुनं आहे."

"लाकूड जुनंच आहे. भंगारातल्या डब्याचं. दार माझं आहे. मूळचं दार दोन झडपांचं होतं, मधोमध दुमडायचं. वरच्या अर्ध्यात पट्ट्या, वारा यायला. ते दार मी पहारीनं तोडलं."

"का?"

"हुकूम झाला. ते आतल्या बाजूला उघडायचं, साहेबाच्या नवीन पलंगाला अडत होतं. दुपारपर्यंत काढ म्हणाले. पावसानं फुगलेलं, बिजागऱ्या गंजलेल्या, निघेना. स्क्रूंच्या खाचा आडव्या, गंजानं भरलेल्या. मग तोडलं."

मॅडम म्हणाल्या, "पण हे पण इतकं छान आहे. याचा पण इतिहास आहे. ठेवू या की. खाली माहिती लिहू, तुमच्या नावानं."

बघा, घरबसल्या चालून आलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"मूळ करायचंय की नाही तुम्हाला?" अण्णा म्हणाले. "मग मूळ करा. माझं सगळं काढलंत, हेच का ठेवता? बरं दिसतंय म्हणून?"

परतताना रिक्षात मी फुटलो. ठाणे-बेलापूर रोडवर रिक्षाच्या आवाजात जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं. "काय गरज होती बोलायची? एक दार राहत होतं तुमचं, एकच! मी नंबर बुजवला, खोटं बोललो, कशासाठी? आणि तुम्ही स्वतःच! ती नाव लिहिते म्हणाली होती!" रिक्षावाला आरशातून बघायला लागला. अण्णा समोर बघत म्हणाले, "लांबी नीट भरली नव्हतीस. कड सुटली होती."

त्यांनी मला एवढंच उत्तर दिलं. मी घरी येऊन न जेवता झोपलो. मला राग आला होता, खराखुरा, पोटातून. इतक्या महिन्यांनी काहीतरी आलं होतं आणि ते पण बापावर.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या आधी तयार होऊन बसले होते. दाराचं ड्रॉइंग त्यांनी रात्रीतून कॅलेंडरच्या पाठीवर काढून ठेवलं होतं, मापांसकट. मॅडमनी ते बघून खुर्चीच ओढून दिली. मग रोज ते माझ्याबरोबर यायला लागले. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होतो. तेही तेवढंच.

नव्या दाराला लाकूड मिळेना. बाजारातलं सागवान कच्चं, आज कापलं की उद्या पीळ घालणार. आणि रंग भडक, त्या जुन्या भिंतीत कालच्या ठिगळासारखा दिसणार. मॅडमना जुनंच लाकूड हवं होतं. मी दोन भंगारवाले पालथे घातले, महाप्यापर्यंत जाऊन आलो, काही हाती लागलं नाही. हे सगळं मी अण्णांना सांगत होतो, आणि ते भिंतीला टेकवलेल्या त्यांच्या दाराकडे बघत होते.

"हे आहे की," ते म्हणाले.

"नाही."

"पट्ट्या पण निघतील, चौकट पण निघेल. थोडं कमी पडलं तर आतल्या बाजूला जोड देऊ."

मी मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मी काही सांगणार नाही, काका. तुम्ही दोघं ठरवा." आणि त्या बाहेर निघून गेल्या.

दार लाकडाच्या दोन घोड्यांवर आडवं ठेवलं. अण्णांनी काच काढायला लावली, बिजागऱ्या सोडवल्या. काटकोनाचा गुण्या लावून पेन्सिलीनं रेघा मारल्या. रेघ अजूनही सरळ येत होती. आमच्याकडे मशीन आहे, पण ते म्हणाले, "नको. जुनं लाकूड फुटतं. हातानं." आणि माझ्या हातात करवत दिली. स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन दार दोन्ही हातांनी दाबून उभे राहिले.

माझ्यानं होईना.

"अण्णा," मी म्हटलं, "एवढी एक कड ठेवू या. घरी नेऊ. आठवण म्हणून."

"कुणाची?"

"तुमची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांत असं बघितलं नव्हतं. "मी बसलोय की घरात. अजून. लाकूड कशाला नेतोस? माझ्याशी बोल ना."

मी करवत धरून उभा होतो. पेंटर पलीकडे ब्रश धूत होता, तोही थांबला. मग जे तोंडात आलं ते मी विचारलं. "ते मूळचं दार. तोडल्यावर त्याचं काय केलंत?"

"घरी आणलं. सगळेच न्यायचे मोडतोड. आपल्या बंबात गेलं. तुमच्या आंघोळीच्या पाण्याखाली."

"आईनं जाळलं?"

"तिनं महिनाभर पुरवलं. चांगलं लाकूड आहे म्हणायची, एकदम घालवत नाही. एक दिवस त्यातली पट्टी हातात धरून म्हणाली, एवढं चांगलं दार का हो मोडलंत?" अण्णांनी दारावरचा हात सरकवून पुन्हा नीट धरला. "मी काही बोललो नाही तिच्याशी. आठ दिवस. तिला वाटलं, तिच्यावरच रागावलोय. शेवटपर्यंत तिला तसंच वाटत असणार."

मी करवत रेघेवर ठेवली. पहिल्या दोन हातांतच ती रेघ सोडून गेली, कारण मला रेघ दिसत नव्हती.

"थांब," अण्णा म्हणाले. "डोळे पूस आधी. मग घे."